वय नको, उन्हाळे मोजा

प्रति,
कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नाविन्यता विभाग, महाराष्ट्र शासन
उच्च व तंत्रशिक्षण विभाग, महाराष्ट्र शासन
आणि राज्यातील विद्यापीठांची विद्यार्थी विकास मंडळं

विषय: उन्हाळी सुट्टीत शासकीय निधीतून विद्यार्थ्यांना दिल्या जाणाऱ्या कामासाठी असलेली वयाची अट

महोदय, महोदया,

मी तालुक्याच्या गावातल्या एका महाविद्यालयात शिकवते आणि गेली अकरा वर्षं तिथली ‘कमवा आणि शिका’ योजना सांभाळते. ग्रंथालयात पुस्तकं लावणारी, बागेला पाणी घालणारी, प्रयोगशाळेतल्या काचा धुणारी मुलं-मुली रोज माझ्या हजेरीच्या वहीत सही करतात. कोणाला मेसचे पैसे भरायचे असतात, कोणाला घरी पाठवायचे असतात. परीक्षा लागल्या की आमच्याकडे ही वही बंद होते, आणि नेमकं तेव्हाच या मुलांकडे हाताशी दीड-दोन महिने असतात. त्या दीड-दोन महिन्यांसाठी जी कामं शासनाच्या पैशातून निघतात, त्यांच्या अर्जातल्या एका रकान्याबद्दल मला आपल्याशी बोलायचं आहे. तो रकाना म्हणजे वय.

मागच्या एका उन्हाळ्याच्या तोंडावरची गोष्ट. एप्रिलचा शेवटचा आठवडा होता. अशाच एका योजनेचे अर्ज आम्ही संगणक कक्षात बसून भरत होतो. योजना कोणाची होती ते लिहीत नाही, कारण माझं भांडण एका कार्यालयाशी नाही. बी. ए. दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली होती. शाळा सोडल्याचा दाखला तिने प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणला होता, घड्या पडून फाटू नये म्हणून. जन्मतारीख टाकली आणि खाली लाल अक्षरं आली: आपण या योजनेसाठी पात्र नाही. तिला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. तिने तारीख पुसून पुन्हा टाकली. मग तिसऱ्यांदा टाकली, प्रत्येक आकडा दाखल्यावर बोट ठेवून. तीच लाल ओळ.

अट अशी होती की ३० जून रोजी वयाची २५ वर्षं पूर्ण झालेली नसावीत. तिच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून. म्हणजे ती एकोणतीस दिवसांनी बाद झाली.

महाराष्ट्रात १ जून ही जन्मतारीख काय असते, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक असेल. आपल्याच कार्यालयांत या तारखेवरून निवृत्तीचे वय मोजले गेलेले कितीतरी जण असतील. शाळा जूनमध्ये उघडायच्या, मूल दाराशी आलं की गुरुजी घरच्यांना तारीख विचारायचे, घरच्यांना आठवायची नाही, आणि प्रवेशाला वय बसेल अशा बेताने १ जून लिहिली जायची. जुन्या पिढीत हे सर्रास होतं. ज्या घरांची वर्षं कामामागे फिरण्यात गेली, त्यांच्या मुलांच्या दाखल्यांवर ही तारीख मला अजूनही दिसते. या मुलीचे आईवडील ऊसतोड करायचे. आईच्या हिशेबाने ती पोळ्याच्या दिवशी जन्मली. पोळा येतो श्रावण अमावास्येला, म्हणजे ऑगस्टमध्ये किंवा सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात. खरं वय धरलं तर ती अटीत बसत होती. पण खरं वय कागदावर नसतं, आणि संगणकाला पोळा कळत नाही.

बरं, दाखला हाच पुरावा, हेही मी मान्य करते. शासनाला कुठेतरी एक कागद धरून चालावंच लागतं. पण काम सुरू होणार होतं १० मे रोजी आणि संपणार होतं १५ जूनला. काम सुरू झालं त्या दिवशी तर ती कागदावरही चोवीस वर्षांचीच होती. मग वय मोजायला काम संपल्यानंतरचा ३० जून कुठून आला? कुठल्यातरी जुन्या परिपत्रकातून तो तसाच पुढे चालत आला असावा, असं मला वाटतं. कॅनडात ‘कॅनडा समर जॉब्स’ नावाची योजना आहे. त्यात वय १५ ते ३० धरतात आणि ते मोजतात कामाच्या पहिल्या दिवशी. २०१९ पासून तर तिथे विद्यार्थी असण्याची अटही काढून टाकली. त्यांचं सगळंच आपण उचलावं असं मी म्हणत नाही. पण वय कोणत्या दिवशी मोजायचं, एवढी साधी गोष्ट तरी विचार करून ठरवता येते, हे त्यावरून दिसतं.

तारीख दुरुस्त होईल. माझं खरं म्हणणं मात्र तारखेच्या पलीकडचं आहे. विद्यार्थ्यांच्या कामाला वरची वयोमर्यादा असूच नये.

ही मुलगी चोविसाव्या वर्षी दुसऱ्या वर्षात का होती, ते सांगते. प्राथमिक शाळेची दोन वर्षं उसाच्या फडात गेली. दिवाळी झाली की बिऱ्हाड बैलगाडीत, परत यायचं ते उन्हाळा लागल्यावर. तेवढ्यात वार्षिक परीक्षा येऊन जायची. दहावी तिने सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून केली. बारावीनंतर लग्न, मग बाळ, मग सासूबाईंशी बोलून पुन्हा कॉलेज. ज्या मुलीची वाट सरळ होती, ती विसाव्या वर्षी तिच्याच बाकावर बसते. दोघींचा अभ्यासक्रम एक, परीक्षा एक, फी एक. उन्हाळ्यात कामाची गरज कोणाला जास्त आहे, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. आणि आपला नियम बरोबर तिलाच गाळतो. वरची वयोमर्यादा दिसायला सगळ्यांना सारखी असते. प्रत्यक्षात ती त्यांनाच लागते ज्यांची वर्षं गरिबीने, आजारपणाने, स्थलांतराने किंवा लग्नाने खाल्ली. सुखवस्तू घरातल्या मुलाला २५ ची अट कधी आडवी येत नाही. त्याला ती आहे हेही माहीत नसतं.

शासन इतर ठिकाणी वयाकडे इतक्या कडकपणे पाहत नाही, हेच मला जास्त खटकतं. राज्य शासनाच्या सरळसेवा भरतीत खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागास प्रवर्गाला ४३ वर्षांपर्यंत अर्ज करता येतो. म्हणजे बेचाळिसाव्या वर्षी एखादी बाई शासनाच्या कायम सेवेत पहिल्यांदा पाऊल ठेवू शकते, पण पंचविसाव्या वर्षी पाच आठवड्यांचं उन्हाळी काम करू शकत नाही. रोजगार हमी तर आपल्याच राज्याची देणगी. १९७२ च्या दुष्काळातून ती उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, आणि २००५ मध्ये देशाने तसाच कायदा केला. त्या कायद्यात वयाची १८ वर्षं पूर्ण असली की काम मागता येत होतं, वर मर्यादा नव्हती. मस्टरवर साठीच्या आजीचंही नाव असायचं. तिला कोणी म्हणालं नाही की तुमचं वय बसत नाही.

मोठ्या योजनांबद्दलही दोन शब्द. २०२४ च्या जुलैमध्ये केंद्राच्या अर्थसंकल्पात पंतप्रधान इंटर्नशिप योजना जाहीर झाली. पाच वर्षांत १ कोटी तरुण, ५०० मोठ्या कंपन्या, महिना ५,००० रुपये. ती सुरू झाली तेव्हा वय ठेवलं २१ ते २४, आणि पूर्णवेळ शिकणारा चालणार नाही असं सांगितलं. त्याच जुलैमध्ये आपल्या राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. तिचं वय १८ ते ३५, म्हणजे बरंच मोकळं, आणि विद्यावेतन बारावी पासला ६,०००, आयटीआय व पदविकेला ८,०००, पदवीधराला १०,००० रुपये. पण तिथेही शिक्षण चालू असलेला उमेदवार अपात्र. वर्षभराच्या किंवा काही महिन्यांच्या सलग कामासाठी ही अट समजण्यासारखी आहे. वर्ग बुडवून कोणी काम करावं असं मलाही वाटत नाही. पण मग वर्ग नसतात तेव्हाचं काय? शिकणाऱ्याला मोठ्या योजनांनी बाहेर ठेवलं, आणि शिकणाऱ्यांसाठी म्हणून जी छोटी उन्हाळी कामं निघतात, त्यांत वयाने बाहेर ठेवलं. माझ्या वहीतली निम्मी नावं या दोन्हींच्या मधल्या फटीत पडतात.

केंद्राच्या त्या योजनेच्या पहिल्या फेरीत कंपन्यांनी १ लाख २७ हजारांवर जागा दिल्या आणि प्रत्यक्ष रुजू झाले ८,७०० च्या आसपास. हे वयामुळेच झालं असं मी म्हणणार नाही. ठिकाण लांब, मुदत वर्षाची, अशी बरीच कारणं होती. पण जागा रिकाम्या आणि दारात माणसं उभी, हे दृश्य पाहिल्यावर दार एवढं अरुंद का ठेवलं, हे विचारावंसं वाटतंच.

आता खालच्या टोकाकडे येते, कारण तिथली हानी जास्त मोठी आहे आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही.

आमच्या कनिष्ठ महाविद्यालयातला अकरावीचा एक मुलगा, वय सतरा. ‘अठरा पूर्ण नाहीत’ म्हणून त्याला त्याच योजनेतून परत पाठवलं. हेतू चांगला होता, लहान मुलांना कामाला जुंपू नये. तो घरी जाऊन पुस्तक वाचत बसेल, असं अट लिहिणाऱ्याला वाटलं असावं. तो लग्नसराईच्या केटरिंगवर गेला. जूनमध्ये कॉलेज उघडलं तेव्हा त्याच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा डाग होता. रश्शाचं पातेलं दोघांनी धरून टेम्पोतून उतरवताना हिंदकळलं. वेळ रात्री एकची. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या गावचं लग्न होतं म्हणून हळद लावून तो परत टेम्पोत बसला. मी विचारलं, तिथे वय नाही विचारलं का? तो म्हणाला, “मॅडम, तिथं फक्त उचलता येतं का एवढंच विचारतात.”

आपण दार लावलं म्हणून मूल कामापासून वाचत नाही. ते दुसऱ्या दारातून आत जातं, जिथे कोणी पाहत नसतं. आणि कायदा आपल्याला दार लावायला सांगतही नाही. १९८६ चा बालकामगार कायदा २०१६ मध्ये सुधारला. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायला त्यात बंदी आहे आणि चौदा ते अठरा या किशोरवयीनांना धोक्याच्या कामात बंदी आहे. बिनधोक्याचं काम त्यांना करता येतं, आणि ते कसं असावं हेही कायद्याने लिहून ठेवलं आहे: सलग तीन तासांवर काम नाही, मग तासाभराची विश्रांती, विश्रांती धरून दिवसाला सहा तास, संध्याकाळी सातनंतर आणि सकाळी आठच्या आत काम नाही, जादा काम नाही, आठवड्याला एक सुट्टी. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यातही किमान वय चौदाच आहे, धोक्याच्या उद्योगांत तेवढं अठरा. किमान वयाचा आंतरराष्ट्रीय करार, १३८ क्रमांकाचा, भारताने २०१७ च्या जूनमध्ये मान्य केला. न्यूयॉर्क शहराच्या उन्हाळी योजनेत तर चौदा वर्षांपासून मुलं घेतात, चोवीसपर्यंत.

म्हणजे सोळा-सतरा वर्षांच्या विद्यार्थ्याला सावलीतलं, दिवसाउजेडी, सहा तासांच्या आतलं काम देणं कायदेशीर आहे. रात्री एक वाजता त्याच्या हातात उकळतं पातेलं देणं बेकायदेशीर आहे. आपल्या अठराच्या अटीमुळे पहिलं बंद पडतं आणि दुसरं चालू राहतं. अकरावी-बारावीच्या मुलांसाठी सोळाची अट ठेवा, पालकांची लेखी संमती घ्या, कामांची यादी आधी तपासा, पण त्यांना आत घ्या. शासनाच्या हजेरीपटावर असलेलं मूल निदान कोणाच्या तरी नजरेखाली असतं.

आता आपल्या बाजूच्या अडचणी. त्या मला कळतात, कारण छोट्या प्रमाणावर मीही त्यातून जाते. पहिली अडचण अशी सांगतात की वरची मर्यादा काढली तर नुसतं विद्यावेतनासाठी कॉलेजात नाव घालणारे वाढतील. असे लोक असतात, मी पाहिले आहेत. अकरा वर्षांत माझ्याकडे असे चार आले, वर्षानुवर्षं नवनव्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेणारे. पण त्यातले दोघे पंचविशीच्या आतले होते. म्हणजे वयाने ते अडलेच नाहीत. त्यांना अडवायचं तर आदल्या सत्राच्या परीक्षेला बसलेला असावा अशी अट घाला. ती तपासायला विद्यापीठाकडे आसन क्रमांक असतोच.

दुसरी अडचण पैशाची. निधी थोडा, अर्ज फार, म्हणून कुठेतरी कात्री लावावी लागते, आणि वय ही सगळ्यात सोपी कात्री, कारण संगणक ती आपोआप लावतो. सोपी आहे म्हणून ती योग्य ठरत नाही. कात्रीच लावायची तर माझी सूचना आहे: वय मोजू नका, उन्हाळे मोजा. एका विद्यार्थ्याला त्याच्या अख्ख्या शिक्षणात तीन उन्हाळे काम मिळेल, मग तो सतराव्या वर्षी घेवो नाहीतर एकतिसाव्या. आपल्याकडे म्हातारी माणसं म्हणतातच, तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत. किती पाहिले ते आपण बघू नये. शासनाच्या पैशातून किती घेतले तेवढं बघावं. ज्याचे तीन झाले त्याने जागा सोडावी, ज्याचा एकही झालेला नाही त्याला आधी घ्यावं. यात कोणावर मेहेरबानी नाही, हिशेब सरळ आहे, आणि आधार क्रमांकावरून किंवा विद्यापीठाच्या कायम नोंदणी क्रमांकावरून तो संगणकही करू शकतो.

पात्रतेला मग एकच कागद पुरतो, बोनाफाईड. विद्यार्थ्यांची योजना आहे, तर विद्यार्थी आहे का एवढंच विचारावं. यात मुक्त विद्यापीठाचे विद्यार्थीही आले पाहिजेत. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ ज्यांच्यासाठी काढलं, त्यांचं वय मुळातच वाढलेलं असणार. त्यांना वयाने गाळायचं म्हणजे एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेणं.

नवीन शैक्षणिक धोरणाने आता कामाला श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, दिले आहेत. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडायचं तर उन्हाळ्यात चार श्रेयांकांचा व्यावसायिक अभ्यास पूर्ण करावा लागतो. म्हणजे उन्हाळ्यातलं काम आता हौसेचं राहिलेलं नाही, ते गुणपत्रिकेवर येणार आहे. ज्या विद्यार्थिनीला आपण सत्तावीस वर्षांची असताना पदवीला प्रवेश देतो, तिला त्याच अभ्यासक्रमात श्रेयांक मिळवून देणारं काम वयामुळे नाकारायचं, हे कोणत्या न्यायाने?

त्या उन्हाळ्यात जे काम होतं ते काय होतं, तेही सांगायला हवं. गावोगाव जाऊन सोयाबीनच्या घरच्या बियाण्याची उगवण तपासायची. कृषी सहायकाकडे कितीतरी गावं, तो एकटा कुठे पुरणार? म्हणून मदतीला विद्यार्थी. गोणपाट ओलं करायचं, त्यावर दहा-दहाच्या ओळीत शंभर दाणे मांडायचे, वर दुसरं ओलं गोणपाट, हळूच गुंडाळी करून सावलीत ठेवायची आणि रोज पाणी शिंपडायचं. सहा-सात दिवसांनी उलगडून कोंब मोजायचे. सत्तर किंवा वर निघाले तर बियाणं पेरायला ठीक, कमी निघाले तर पेरताना प्रमाण वाढवायचं. हे न केल्याने पेरणी उलटली की घरं बसतात.

ती मुलगी हे काम लहानपणापासून करत आली होती. फडावरून घरी आल्यावर तिच्या वडिलांची दोन एकर कोरडवाहू असायची. त्या दिवशी संगणक कक्षात, अर्ज नाकारल्यावर, तिने शेजारी बसलेल्या विशीतल्या दोन मुलांना गुंडाळी कशी बांधायची ते वहीच्या कागदावर आणि ओढणीच्या टोकावर करून दाखवलं. ती दोघं निवडली गेली. तिने सासरच्या वाडीत बारा घरांचं बियाणं तपासून दिलं, फुकट. त्यातल्या तीन घरांचं पन्नाशीच्या खाली निघालं आणि त्यांनी पेरणीआधी बियाणं बदललं. मी हे वाडीत जाऊन पाहिलं आहे. भिंतीला टेकवून ठेवलेल्या गुंडाळ्या, प्रत्येकीवर खडूने घराचं नाव.

माझ्या मागण्या थोड्या आहेत. वरची वयोमर्यादा काढा. खालची सोळा करा आणि किशोरवयीनांचा कायदा अक्षरशः पाळा. वय जिथे पाहावंच लागेल तिथे ते कामाच्या पहिल्या दिवशी मोजा. आणि नवी कात्री उन्हाळ्यांची ठेवा. हे सगळं एका शासन निर्णयात बसतं आणि त्याला जादा निधीही लागत नाही.

कमवा आणि शिका ही गोष्ट या मातीत कर्मवीर भाऊराव पाटलांनी रुजवली. साताऱ्याचं छत्रपती शिवाजी कॉलेज १९४७ मध्ये त्याच पायावर उभं राहिलं. माझी हजेरीची वही त्याच कामाचा एक छोटा धागा आहे, म्हणून हे पत्र लिहिण्याचा हक्क मला आहे असं मी समजते.

आमच्या महाविद्यालयातल्या ज्या विद्यार्थ्यांना गेल्या तीन उन्हाळ्यांत केवळ वयामुळे परत जावं लागलं, त्यांची यादी मी तयार केली आहे. एकूण एकवीस जण, नऊ अठराच्या आतले आणि बारा पंचविशीच्या पुढचे. प्रत्येकासमोर ते मग उन्हाळाभर काय करत होते, तेही लिहिलं आहे. त्यांची संमती घेऊन ती यादी मी आपल्याकडे घेऊन येईन. आपण वेळ कळवावी. पुढच्या उन्हाळ्याचे नियम छापून होण्याआधीची वेळ दिलीत तर बरं होईल, कारण ती विद्यार्थिनी आता तिसऱ्या वर्षाला आहे आणि तिच्या हातात विद्यार्थी म्हणून एकच मे महिना उरला आहे.

कळावे,

आपली विश्वासू,
एका तालुक्याच्या महाविद्यालयातील ‘कमवा आणि शिका’ योजनेची समन्वयक